बोलले एक, ऐकले भलतेच : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात आम्ही वाचकांना विचारले होते की, आपल्या किंवा समोरच्याच्या बोलण्याचा अर्थ भलताच घेतला गेल्याचा अनुभव असेल, तर तो कळवावा. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांतील तक्रार माणसाच्या स्वभावाविषयी होती. कोणी उद्धट निघाला होता, कोणी आखडू, कोणी थापाड्या, तर कोणी आतल्या गाठीचा. पत्रे सावकाश वाचल्यावर माझे मत असे झाले की, यांपैकी पुष्कळशी भांडणे स्वभावांची नसून दोन ठिकाणच्या रीतींची आहेत. काही थोडी मात्र रीतीच्या आडून चाललेल्या अधिकाराची आहेत, आणि त्यांना ‘आमच्याकडे असेच असते’ म्हणून सोडून देता येत नाही. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे रिवाजाप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : माझे माहेर कागल तालुक्यातले. लग्नानंतर पुण्यात आले आणि एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम पाहते. मी हुकूम सोडल्यासारखी बोलते, अशी तक्रार वरिष्ठांपर्यंत गेली आहे. शिवाय ‘मी येतो’, ‘मी आलो’ असे तोंडून गेले की सगळे हसतात. कोणाचा अपमान करावा असे माझ्या मनातही नसते. मी माझे बोलणे बदलावे का? (पुणे)

उत्तर : हसण्याचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो सोपा आहे. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात पुष्कळ स्त्रिया ‘मी येतो’ असेच म्हणतात, आणि तेथे ते कोणाच्या कानाला खटकत नाही. शेजारच्या कानडीत ‘मी’बरोबर येणारे क्रियापद बाईसाठी वेगळे आणि पुरुषासाठी वेगळे असे नसते, हे ध्यानात घेतले तर या बोलीचे फारसे नवल वाटू नये. याच सीमाभागात, सांगली जिल्ह्यातील एका गावात, जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषेच्या अभ्यासकांनी पाहणी केली होती आणि तिचे निष्कर्ष १९७१ साली प्रसिद्ध झाले. गावात मराठी, कानडी, उर्दू आणि तेलुगू बोलणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत होती. प्रत्येकाने घरची भाषा सोडली नव्हती, तिचे शब्दही जपले होते, पण वाक्ये रचण्याची पद्धत, विशेषतः मराठी, कानडी आणि उर्दूत, इतकी जवळ आली होती की, एका भाषेतल्या वाक्यातील शब्दाच्या जागी दुसऱ्या भाषेतला शब्द ठेवत गेले तरी वाक्य उभे राहावे. तेव्हा तुमच्या ‘मी येतो’मागे कित्येक पिढ्यांचा शेजार आहे. त्यावर हसणाऱ्यांना ते ठाऊक नाही, एवढेच.

हुकमाची तक्रार मात्र जरा खोलात जाऊन पाहावी लागेल. याच गंपर्झ यांनी ब्रिटनमधील एका मोठ्या विमानतळावर घडलेला प्रकार नोंदवून ठेवला आहे. तेथील कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात भारतीय आणि पाकिस्तानी स्त्रिया नव्याने कामाला लागल्या होत्या. त्या तुसड्या आहेत, सहकार्य करत नाहीत, अशी तक्रार त्यांच्या पर्यवेक्षिकेने आणि जेवायला येणाऱ्या कामगारांनी केली. वास्तविक या स्त्रिया दिवसभरात मोजकेच शब्द बोलत. ज्याने मांसाचा पदार्थ घेतला असेल, त्याला त्यावर ‘ग्रेव्ही’ हवी का, असे विचारायचे असे. ब्रिटिश वाढपी हा शब्द शेवटी सूर चढवून उच्चारी, म्हणजे तो प्रश्न होई. आपल्याकडच्या स्त्रिया तोच शब्द सूर खाली आणून उच्चारीत, आणि ऐकणाऱ्याला तो ‘ही घ्या ग्रेव्ही, हवी तर खा’ असा ऐकू येई. ध्वनिमुद्रण ऐकवले गेले तेव्हा त्या स्त्रियांना प्रथम दोन्हींत काही फरकच दिसेना, कारण त्यांच्या मते तो प्रश्न विचारण्याचा सरळ आणि सभ्य मार्ग होता. फरक उलगडल्यावर दोन्ही बाजूंचा राग पुष्कळ निवळला. सूर ही गोष्ट अशी आहे की, ती आपण शब्दांसारखी ऐकतच नाही. तिचा परिणाम मात्र थेट माणसाच्या नावावर जमा होतो.

तुमच्या कार्यालयात काय होत असावे, याचा अंदाज करता येतो. कोल्हापूरकडे ‘ते रजिस्टर द्या की’ यातला ‘की’ आर्जवाचा असतो, आणि ‘बसा की’, ‘या की’ यांत तर चक्क माया असते. पुण्याच्या कानाला मात्र तोच ‘की’ तगाद्यासारखा लागतो. पुणेरी विनंती ‘जरा’, ‘तेवढं’, ‘जमेल का’, ‘देता का’ अशा वळशांनी जाते, आणि तुमच्या माहेरी हे वळसे ऐकणाऱ्याला बोलणारा आखडू वाटतो, हेही तितकेच खरे आहे.

म्हणून माझा सल्ला असा की, बोलणे बदलू नका, पण काम सांगताना एखादा ‘जरा’ किंवा ‘तेवढं’ घालायला हरकत नाही, कारण त्याने तुमचे काही जात नाही. आणि वरिष्ठांना सांगा की, तक्रार करणाऱ्याने ‘उद्धट’ हे विशेषण न लिहिता तुमच्या तोंडचे नेमके वाक्य लिहून द्यावे. वाक्य कागदावर उतरले की निम्म्या तक्रारींतली हवा आपोआप निघून जाते.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत असतो आणि सून तिथलीच आहे. दोघे दिवाळीला आले होते. सून पाण्याचा पेला हातात दिला तरी ‘थँक यू’ म्हणते, आणि मला ते परक्यासारखे वाटते. उलट तिनेच मुलाजवळ तक्रार केली की, ती ‘नको’ म्हणाली तरी मी तिच्या ताटात वाढते. मी प्रेमाने वाढते आणि तिला ती जबरदस्ती वाटते, हे कसे? (नाशिक)

उत्तर : आपल्या पंगतीत ‘नको’ला एक चढती भाजणी असते. पहिला ‘नको’ पाहुण्याच्या सभ्यतेचा असतो, दुसरा ‘नको’ ‘आग्रह केलात तर घेईन’ असे सांगणारा असतो, आणि तिसऱ्या वेळी पाहुणा पानावर आडवा हात धरून पुढे वाकतो, तो खरा. पहिल्याच ‘नको’वर वाढपी पुढे गेला, तर पाहुणा घरी जाऊन ‘साधा आग्रहसुद्धा केला नाही’ असे सांगतो. इराणी लोकांत याच जातीचा शिष्टाचार आहे, त्याला ते ‘तारोफ’ म्हणतात, आणि तेथे तर दुकानदारही पैसे घ्यायला आधी नाही म्हणतो, म्हणून देणे सोडून निघून जायचे नसते. तुमच्या सुनेच्या घरी मात्र ‘नको’ला अशा पायऱ्या नाहीत. तेथे माणसाने आपल्या शरीराविषयी, भुकेविषयी एकदा सांगितले की ते अंतिम असते, आणि त्यापुढे वाढणे म्हणजे तिचे म्हणणे मोडून काढणे होय. ती तुमच्या प्रेमाला नव्हे, न ऐकले जाण्याला जबरदस्ती म्हणते आहे.

आभारांचे गणित नेमके उलटे आहे. मराठी घरात आई वाढते आणि मुलगा ‘आभारी आहे’ म्हणाला, तर आई त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहील. आभार हे देणे फेडण्याचे साधन आहे आणि घरात देणे फेडायचे नसते, ते चालूच ठेवायचे असते. म्हणून कृतज्ञता ‘आज आमटी फक्कड झाली होती’ अशा वाटेने, किंवा न बोलता तिसरी पोळी मागून व्यक्त होते. गोव्यात ‘देव बरें करूं’ म्हणतात, त्यात परतफेडीचे काम देवावर सोपवून माणूस मोकळा होतो. मला ही रीत फार आवडते. अमेरिकेत मात्र घरातल्या घरात, रोज, लहान गोष्टीसाठी आभार मानणे हा आपलेपणाचाच भाग आहे. ती न म्हणती, तर तिच्या आईने तिला टोकले असते.

पुढच्या वेळी आमटीचे पातेले आणि डाव तिच्या हाताशी ठेवा आणि तिचे तिला घेऊ द्या. या प्रकरणात खरा दोष मला तुमच्या मुलाचा दिसतो. दोन्ही घरच्या रीती येणारा तो एकटाच माणूस त्या ताटाशी बसला होता, आणि त्याने तुमच्या दोघींत दुभाषाचे काम करायचे सोडून दोघींच्या तक्रारी ऐकत जेवण उरकले असावे.

प्रश्न : मी हिंजवडीतील एका कंपनीत गटप्रमुख आहे. आमचे ग्राहक जर्मन आहेत. गटातील मुले बैठकीत ‘हो, होऊन जाईल’ म्हणतात आणि मुदतीच्या दिवशी काम अर्धे असते. ग्राहक आम्हाला खोटारडे समजू लागले आहेत. ही मुले सरळ ‘नाही’ का म्हणत नाहीत? (पुणे)

उत्तर : ज्या मुलाने ‘बघतो सर’ म्हटले, त्याने त्याच्या हिशेबाने नकार दिलेलाच असतो. आपल्याकडे वरच्या माणसाला तोंडावर ‘होणार नाही’ म्हणणे हा कामाला दिलेला नकार न राहता त्या माणसाला दिलेला नकार होतो, म्हणून नकाराला पुष्कळ सभ्य पोशाख शिवून ठेवलेले आहेत. ‘बघू’, ‘प्रयत्न करतो’, ‘काहीतरी करू’, दुकानदाराचे ‘उद्या या’, कचेरीतले ‘साहेब दौऱ्यावर आहेत’. मराठी कानाला हे सगळे बरोबर कळते. तारखेसह आलेले ‘करतो’ आणि तारखेवाचून आलेले ‘करतो’ यांतला फरक लहान मुलालाही सांगावा लागत नाही. तुम्हालाही तो कळला असणार, पण बैठकीत ग्राहकासमोर तो कळून न घेणे सोयीचे होते, असे स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

अमेरिकी मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ साली समाजांची एक विभागणी मांडली. काही समाजांत अर्थाचा मोठा भाग प्रसंग, नाते आणि बोलण्याची ढब यांत भरलेला असतो आणि शब्दांत थोडाच उरतो. काही समाजांत तो जवळजवळ सगळा शब्दांत मांडावा लागतो. पहिल्या प्रकारात त्यांनी जपानी लोकांना ठेवले आणि दुसऱ्यात जर्मन भाषकांना. व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणवर्गांत ही विभागणी हमखास शिकवली जाते, पण ती जशीच्या तशी घेऊ नये. तुमच्या गटातलाच मुलगा चहाच्या टपरीवर मित्राला ‘जमणार नाही रे, डोकं नको खाऊ’ असे खणखणीत सांगतो. म्हणजे सरळ ‘नाही’ त्याला येत नाही असे नसून, ते खालून वर म्हणता येत नाही. अडचण देशाची कमी आणि पायरीची जास्त आहे.

सूचक बोलण्याची किंमत किती मोठी असू शकते, याचे एक उदाहरण विमानवाहतुकीत कायम दिले जाते. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचे विमान न्यूयॉर्कला निघाले होते. खराब हवामान आणि गर्दी यांमुळे त्याला एकूण सव्वा तासाहून अधिक काळ हवेत घिरट्या घालायला लावले गेले. सहवैमानिकाने नियंत्रण कक्षाला इंधन संपत आल्याचे सांगितले, प्राधान्य मागितले, पण ‘आणीबाणी’ हा ठरलेला शब्द उच्चारला नाही. नियंत्रकांनी ते नेहमीचे गाऱ्हाणे समजून घेतले. इंधन संपून विमान लाँग आयलंडवरील कोव्ह नेक येथे कोसळले आणि १५८ जणांपैकी ७३ जण मरण पावले. चौकशीत इंधनाच्या नियोजनातील चुकीबरोबरच आणीबाणी न कळवल्याचा ठपका वैमानिकांवर ठेवला गेला. हा केवळ लॅटिन अमेरिकी संकोचाचा परिणाम होता असे सांगणारे पुष्कळ आहेत. मला ते अर्धवट वाटते, कारण शेवटच्या टप्प्यात ऐकणाऱ्यांपैकी कोणी ‘तुमच्याजवळ नेमके किती मिनिटांचे इंधन आहे?’ एवढे विचारले असते, तरी संकोच आड आला नसता.

तुम्हीही प्रश्नच बदलून पाहा. ‘होईल ना?’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘हो’ हे एकच सभ्य उत्तर आहे. त्याऐवजी ‘यात कुठे अडेल?’, ‘पहिला भाग कोणत्या तारखेला दाखवशील?’ असे विचारा. आणि वाईट बातमी घेऊन जो पहिला येईल त्याला चारचौघांत झापू नका, कारण बाकीचे सगळे त्याच्याकडे पाहत असतात.

प्रश्न : मी सत्तरी ओलांडलेला निवृत्त शिक्षक आहे. नातवंडे वडिलांना ‘अरे बाबा, तू’ म्हणतात, सून मुलाला नावाने हाक मारते आणि अनोळखी कंपनीतून फोन करणारा पोरगा मला थेट पहिल्या नावाने पुकारतो. आदराची भाषा संपली असे वाटते. (सातारा)

उत्तर : आपण आईला कोणत्या सर्वनामाने हाक मारत होता? ‘तू’च म्हणत असाल, कारण महाराष्ट्रात बहुतेक घरांत ‘अगं आई’च चालत आले आहे. वारकऱ्यांनी विठ्ठलाला ‘तू’ म्हटले, आणि जनाबाईंनी तर त्याला चक्क शिव्या घातल्या. आई आणि देव यांच्याविषयी आपल्याला आदर नव्हता असे कोणी म्हणणार नाही. म्हणजे ‘तू’मध्ये अनादर मुळातच भरलेला नाही.

रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली युरोपीय भाषांतील अशा सर्वनामांचा अभ्यास मांडला. त्यांच्या मते ही सर्वनामे दोन तत्त्वांवर चालतात. एक अधिकार, ज्यात वरचा खालच्याला ‘तू’ म्हणतो आणि ‘तुम्ही’ घेतो. दुसरे जवळीक, ज्यात दोघेही एकमेकांना सारखेच संबोधतात. युरोपात काळाच्या ओघात पहिले तत्त्व मागे पडून दुसरे पुढे आले. स्वीडनमध्ये ही घडी १९६०च्या दशकाअखेर फार झपाट्याने मोडली. तेथील वैद्यकीय मंडळाचे नवे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी १९६७ साली आपण सर्व कर्मचाऱ्यांना ‘तू’ म्हणणार आणि त्यांनीही आपल्याला तसेच म्हणावे, असे जाहीर केले, ते त्या बदलाचे ठळक उदाहरण मानले जाते.

मराठी घरात आई पहिल्यापासून जवळिकीच्या बाजूला होती आणि वडील अधिकाराच्या. ‘अरे बाबा’ म्हणणारी नातवंडे वडिलांना आईच्या शेजारी आणून बसवत आहेत. तुमच्या मुलाला ती जागा आवडते की नाही, हे त्यालाच विचारावे; माझा अंदाज आहे की आवडते. सुनेचे म्हणाल, तर जुन्या घरात नवरा बायकोला ‘अगं’ आणि ‘तू’ म्हणे, बायको मात्र ‘अहो’ आणि ‘तुम्ही’ म्हणे, त्याचे नाव उच्चारत नसे, आणि ते घ्यायचेच तर मंगल प्रसंगी उखाण्यात गुंफून घेई. सासऱ्यांना ‘मामंजी’ आणि काही घरांत सासूला ‘आत्याबाई’ म्हणण्याच्या रीतीत तर मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न होण्याच्या प्रथेची खूण राहिली आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्रातील ही प्रथा उत्तर आणि दक्षिण यांच्या मधली म्हणून नोंदवली आहे. समाजाची अख्खी रचना अशी हाकेत मुरलेली असते, म्हणून रचना हलली की हाक हलणारच.

आता थोडे अवघड लिहितो. आपण सत्तरीचे आहात आणि गावाकडे वाढला असाल, तर वाड्यातले सात-आठ वर्षांचे पोर साठीच्या बलुतेदाराला ‘अरे’ म्हणते आणि तो म्हातारा त्या पोराला ‘धाकले धनी’ म्हणून वाकतो, हे दृश्य आपण पाहिले असेल किंवा घरात ऐकले असेल. महारांनी वरच्या जातीच्या माणसाला ‘जोहार’ घालावा ही सक्तीची रीत होती. चौदाव्या शतकातील चोखोबांच्या अभंगात हाच ‘जोहार’ येतो. विसाव्या शतकात त्या समाजाने तो टाकला आणि ‘जय भीम’ हे अभिवादन स्वीकारले, ज्याच्या प्रचाराचे श्रेय कामठीचे बाबू हरदास यांना दिले जाते. या दोन अभिवादनांतला फरक पाहा. ‘जोहार’ खालून वर जात असे आणि परत येत नसे. ‘जय भीम’ला ‘जय भीम’ हेच उत्तर असते. पंढरीच्या वाटेवर सगळे एकमेकांना ‘माऊली’ म्हणतात आणि वयाने मोठा माणूसही लहानाच्या पाया पडतो, पण ती समता पुष्कळदा वारीपुरती राहिली आणि घरी परतल्यावर जो तो आपापल्या पायरीवर गेला, हेही नमूद करायला हवे.

म्हणून जी आदराची भाषा संपली म्हणून आपल्याला हळहळ वाटते, तिच्यातला काही भाग आदराचा होता आणि काही भाग वसुलीचा. आजही ती वसुली बंद झालेली नाही. आपल्या सोसायटीत ऐकून पाहा. घरकामाला येणाऱ्या बाईंना सगळे ‘मावशी’ म्हणतात, पण पुढचे वाक्य ‘मावशी, तू उद्या लवकर ये’ असे येते आणि ते म्हणणाऱ्याचे वय मावशींच्या निम्मेही नसते. सख्ख्या मावशीलाही आपण ‘तू’ म्हणतो हे खरे, पण ती उलट आपल्यालाही ‘तू’ म्हणते. या मावशी मात्र घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला ‘दादा, तुम्ही’ म्हणतात. नाते फक्त हाकेपुरते दिलेले असते. पहारेकऱ्याचे, लिफ्टवाल्याचे तेच. पन्नास वर्षांच्या माणसाला ‘ए’ म्हणून बोलावणारा विद्यार्थी आपल्या प्राध्यापकांना ‘सर, आपण’ म्हणतो, तेव्हा त्याला आदराची भाषा येत नाही असे कसे म्हणावे?

फोनवरच्या पोराविषयी मात्र मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे. ओळख नसताना वापरलेली जवळीक ही जवळीक नसते. बहुधा त्याच्यासमोर छापील संहिता असते आणि ती दुसऱ्या देशातील ग्राहकांसाठी बेतलेली असते. त्याला शांतपणे सांगा की, मला आडनावाने संबोधा. बहुतेक जण लगेच ऐकतात, आणि काहींना तर तसे बोलायला मिळाल्याचा आनंदच होतो.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका वृद्ध शेजाऱ्यांच्या निधनाची बातमी टाकली, तर काहींनी त्यावर नुसता अंगठा उमटवला. हा निर्लज्जपणा नाही का? (ठाणे)

उत्तर : निर्लज्जपणा नसावा. त्यांच्या लेखी अंगठा म्हणजे ‘वाचले’, तुमच्या लेखी ‘छान’. या खुणांचा अर्थ अजून पक्का व्हायचा आहे. पण दुःखाच्या घरी कसे वागायचे याची आपली रीत चांगली पक्की आहे: जायचे, थोडा वेळ न बोलता बसायचे, आणि उठताना ‘येतो’ म्हणायचे नाही. अंगठा उमटवणाऱ्यांपैकी कोण कोण जाऊन बसले, ते पाहा.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील ग्रामीण भागात दवाखाना चालवते. स्त्री-रुग्ण समोर बसते, पण तिचा त्रास नवरा किंवा सासू सांगते. मी गोळ्यांविषयी समजावले की ती मान हलवते, काही शंका आहे का विचारले की ‘नाही’ म्हणते, आणि पुढच्या वेळी येते तेव्हा अर्ध्या गोळ्या घेतलेल्याच नसतात. अशा वेळी काय करावे? (बीड)

उत्तर : गप्प बसण्याला अडाणीपणा समजण्याची चूक तुमच्या व्यवसायात सर्रास होते. तुम्ही ती केलेली नाही, हे पत्रावरून दिसते. मानवशास्त्रज्ञ कीथ बासो यांनी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात अपाची या तिथल्या मूळ रहिवासी लोकांमध्ये राहून त्यांच्या मौनाचा अभ्यास केला, तो १९७० साली प्रसिद्ध झाला. अनोळखी माणूस भेटला, मूल दूरच्या शाळेतून बऱ्याच काळाने घरी आले, कोणी शोकात असले, म्हणजे जेथे समोरच्याशी आपले नाते या क्षणी नेमके काय आहे हे ठरलेले नसते, तेथे ते लोक गप्प राहतात आणि पाहतात. तुमच्यासमोर बसलेली बाईही हेच करत असते. तुम्ही शिकलेल्या, परजातीच्या, कदाचित तिच्याहून लहान, आणि शेजारी सासू. यात कोणाशी काय बोलावे हे न ठरल्यामुळे ती मान हलवते. ती मान ‘ऐकते आहे’ म्हणते, ‘कळले’ असे म्हणत नाही.

या मौनाच्या मागे किती दडलेले असते, हे गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी केलेल्या अभ्यासातून जगापुढे आले. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी ५५ टक्के स्त्रियांनी स्त्रीरोगाच्या तक्रारी सांगितल्या, पण तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक विकार आढळले, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया आठ टक्क्यांच्या आसपासच होत्या. त्याच डॉक्टरांनी आदिवासींना दवाखाना कसा हवा हे विचारले, आणि त्यांच्या सांगण्यावरून ‘शोधग्राम’ या आपल्या संस्थेच्या वसाहतीतील दवाखाना गोंड पाड्यासारखा, सुट्या झोपड्यांचा बांधला व त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. दवाखान्याच्या भिंतीही रुग्णाशी बोलतात, म्हणून त्यांचीही भाषा तपासावी लागते.

तुम्हाला नवी इमारत बांधायची गरज नाही. नवरा-सासूला बाहेर जा असे म्हणू नका, त्याने संशय वाढतो आणि घरी गेल्यावर तिला जाब द्यावा लागतो. त्याऐवजी वजन आणि रक्तदाब आतल्या खोलीत घेण्याची रीत सगळ्याच स्त्रियांसाठी ठेवा, म्हणजे कोणा एकीला वेगळे काढल्यासारखे होणार नाही. तेथे शक्य तर गावातलीच परिचारिका असावी, आणि तिला ‘अंगावरून जातंय’, ‘पोटात कालवतंय’, ‘जीव घाबरा होतो’ हे शब्द रुग्णाच्या तोंडचेच लिहू द्या, लगेच वैद्यकीय नाव देऊ नका. ‘शंका आहे का?’ हा प्रश्न टाका, कारण शंका असणे म्हणजे डॉक्टरांनी नीट सांगितले नाही असे म्हणणे, आणि ते ती म्हणणार नाही. त्याऐवजी दोष स्वतःकडे घेऊन विचारा : ‘मी फार भरभर सांगितलं. घरी गेल्यावर सासूबाईंना गोळ्या कशा घ्यायच्या ते कसं सांगाल, एकदा मला सांगून दाखवा.’ आणि अर्ध्या गोळ्या उरल्या असतील, तर आधी हे पाहा की त्या जेवणानंतर घ्यायच्या होत्या का, आणि ती घरात सगळ्यांच्या नंतर, रात्री किती वाजता जेवते.